पित्ताशयाची गोळी

मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार राबतो. आंबट ढेकर आले की पित्त झालं. डोकं ठणकलं, उलटी होऊन बरं वाटलं, की पित्त पडलं. अंगावर लाल गांधी आल्या की पित्त उठलं, मग आमसुलाचं पाणी चोळायचं. आणि कोणी भडकलं की त्याचं पित्त खवळलं. यातलं पहिलं बहुतेकदा जठरातल्या आम्लाचं काम असतं, दुसरं अर्धशिशीचं, तिसरं ॲलर्जीचं आणि चौथं स्वभावाचं. यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या द्रवाशी, म्हणजे शरीरशास्त्रातल्या पित्तरसाशी, या चौघांचा फारसा संबंध नसतो.

आयुर्वेदातलं पित्त हा तीन दोषांपैकी एक, आणि त्याची व्याप्ती यकृतातल्या द्रवापेक्षा कितीतरी मोठी. जुन्या ग्रीक वैद्यकातही पिवळं आणि काळं अशी दोन पित्तं होती आणि माणसाचा स्वभाव त्यांवरून ठरे. शब्द व्यापक असण्यात गैर काही नाही. पंचाईत होते ती सोनोग्राफीत ‘गॉलस्टोन’ दिसल्यावर. घरी येईपर्यंत त्याचं मराठी ‘पित्ताचे खडे’ झालेलं असतं, आणि मग प्रत्येक जण आपापल्या पित्तावरचा उपाय सांगू लागतो. कोणी कोकम सुचवतं, कोणी सकाळी उपाशीपोटी काही प्यायला सांगतं, आणि आताशा कोणी ‘डायजेस्टिव्ह एन्झाइम’ची बाटली पाठवतं.

माझ्या आईचं पित्ताशय काढल्यावर अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आठवणीने अशीच एक बाटली पाठवली होती. पित्ताशय नसलेल्यांसाठी पचनाच्या गोळ्या. लेबलावर बारीक अक्षरात मुख्य घटक चार: डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेलं पॅनक्रिॲटिन, बैलाचं पित्त, एका बुरशीपासून मिळवलेली एन्झाइम्स आणि कच्च्या पपईतलं पपेन. घर शाकाहारी, त्यामुळे पहिल्या दोन नावांवरच चर्चा संपली. मला मात्र ती यादी विचित्र वाटली. चौघांची गावं वेगळी, वयं वेगळी, कामं वेगळी. आणि चौघांपैकी एकही पित्ताशयात तयार होत नाही. मग पित्ताशयाच्या नावाने ते एका बाटलीत आले कसे? या प्रश्नाचं उत्तर सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास माहीत असला तर पैसे वाचतातच, पण कधी कधी त्याहून मोलाचं काही वाचतं.

घार, कापडी पिशव्या आणि पोटाला पडलेलं भोक

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोटात अन्नाचं नेमकं काय होतं, यावर वाद होता. एक पक्ष म्हणे, जठर हे जातं आहे, ते अन्न दळतं. दुसरा म्हणे, तिथे अन्न कुजतं किंवा आंबतं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७५२ साली हा वाद एका पाळीव घारीवर सोपवला. घारीला न पचणारी गोष्ट ती पुन्हा ओकून टाकते. त्याने धातूच्या लहान नळीत मांस भरलं, दोन्ही तोंडं जाळीने बंद केली आणि ती नळी घारीला गिळायला लावली. नळी बाहेर आली तेव्हा ती कुठेही दबलेली नव्हती, आतलं मांस मात्र विरघळत आलं होतं आणि त्याला कुजल्याचा वास नव्हता. म्हणजे दळणं नाही, कुजणंही नाही. जाळीतून आत शिरणारा काहीतरी द्रव हे काम करत होता. मग त्याने नळीत स्पंजाचे तुकडे घालून तो द्रव पिळून बाहेर काढला.

इटलीतल्या स्पालान्झानीने पुढची पायरी स्वतःवर घेतली. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या आणि लाकडी नळ्या तो स्वतः गिळत असे आणि त्या दुसऱ्या टोकाने बाहेर येण्याची वाट बघत असे. हे प्रयोग त्याने १७८० साली प्रसिद्ध केले.

त्यानंतरचा अध्याय जास्त अस्वस्थ करणारा आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि ॲलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराच्या पोटाला भोक पडलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम पूर्ण बुजली नाही. जठरात थेट उघडणारी एक खिडकी कायमची राहिली. पुढची अनेक वर्षं बोमाँट त्या खिडकीतून रेशमी दोऱ्याला बांधलेलं मांस, भाकरी, कोबी आत सोडत राहिले आणि घड्याळ लावून बघत राहिले. १८३३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि ते पचनशास्त्रात अजरामर झाले. सेंट मार्टिन गरीबच राहिला. तो १८८० मध्ये वारला तेव्हा घरच्यांनी मृतदेह मुद्दाम काही दिवस राहू दिला, म्हणजे डॉक्टरांना तो पुन्हा उघडावासा वाटणार नाही. पचनाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच याच माणसाच्या खर्चाने कळलं आहे.

जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे तोवर इंग्लंडच्या विल्यम प्राउटने दाखवलं होतं. पण नुसत्या आम्लाने मांस तसं विरघळत नाही. १८३६ मध्ये जर्मनीच्या थिओडोर श्वानने त्या रसातला दुसरा कर्ता वेगळा काढला आणि त्याला पेप्सिन नाव दिलं. त्याच्या तीन वर्षं आधी फ्रान्समध्ये पायां आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवापासून पिष्टाची साखर करणारा डायस्टेज मिळवला होता. अशा पदार्थांना एकच नाव असावं म्हणून १८७७ च्या सुमारास हायडेलबर्गच्या विली क्यूनेने ‘एन्झाइम’ हा शब्द चालवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘यीस्टमधलं’. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याचं मराठी ‘विकर’ झालं आहे.

ससा आणि कुत्रा

या सगळ्या काळात चरबी कशी पचते हे कोडं सुटलेलं नव्हतं. पेप्सिन मांस फोडतं, तूप तसंच राहतं. संशय अर्थातच पित्तरसावर होता. पित्तरस तेलकट डाग काढतो हे युरोपातल्या धोबिणींनाही माहीत होतं. बैलाच्या पित्ताचा साबण तिथे कपडे धुवायला वापरत.

१८४६ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार सशांच्या आतड्यांचं निरीक्षण करत होता. चरबी खाऊ घातल्यावर आतड्याबाहेरच्या बारीक लसिकावाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात, कारण पचलेली चरबी त्यांतून वाहून नेली जाते. सशात त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पित्तनलिका आतड्यात जिथे उघडते तिथे या वाहिन्या पांढऱ्या नव्हत्या. तिथून फूटभर खाली त्या पांढऱ्या होऊ लागत. आणि सशात स्वादुपिंडाची नलिका नेमकी त्याच जागी उघडते. माणसात या दोन नलिका जवळजवळ एकाच दारातून आत येतात, म्हणून हा फरक माणसात कधीच दिसला नसता. निष्कर्ष स्पष्ट होता: एकट्या पित्ताने चरबी पचत नाही, स्वादुपिंडाचा रस लागतो. त्या रसातल्या चरबी फोडणाऱ्या विकराला आज आपण लायपेज म्हणतो.

बेर्नारचाच शिष्य अल्बेर दास्त्र याने पुढे उलटा प्रयोग केला. कुत्र्याची पित्तनलिका बांधून टाकून त्याने पित्ताशय आतड्याला बऱ्याच खालच्या जागी जोडलं. आता स्वादुपिंडाचा रस वर येत होता आणि पित्त खाली. वाहिन्या पांढऱ्या झाल्या त्या पित्त येऊन मिळतं तिथपासून. म्हणजे एकटा स्वादुपिंडाचा रसही पुरेसा नाही.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. तुपाचा गोळा पाण्यात तरंगतो. लायपेजला त्याच्या फक्त पृष्ठभागावर काम करता येतं. पित्तरसातले क्षार साबणासारखे वागतात, त्या गोळ्याचे लक्षावधी बारीक थेंब करतात आणि फुटून निघालेले अंश पाण्यात धरून ठेवतात. फोडण्याचं रासायनिक काम लायपेजचं. पित्तरसात पचनाचं एकही महत्त्वाचं विकर नसतं. एक साबण आहे, एक कात्री आहे. साबण यकृत बनवतं, कात्री स्वादुपिंड बनवतं.

आणि पित्ताशय? त्याचं नाव या दोन्ही वाक्यांत नाही.

बर्लिनमधला तो रुग्ण

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारूस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी एका ४३ वर्षांच्या माणसाचं पित्ताशय काढलं. हा गृहस्थ सोळा वर्षं पोटातल्या कळांनी हैराण होता, वजन घटलं होतं आणि वेदना शमवता शमवता मॉर्फिनची सवय लागली होती. त्याआधीही शस्त्रवैद्य पित्ताशयापर्यंत पोचले होते. १८६७ मध्ये इंडियानापोलिसच्या जॉन बॉब्स यांनी एका स्त्रीचं पित्ताशय उघडून खडे काढले आणि ते पुन्हा शिवून टाकलं होतं. लांगेनबुख यांचा युक्तिवाद वेगळा होता. खडे हा आजार नाही, खडे बनवणारी पिशवी हा आजार आहे. खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे बनवेल.

पण एक अख्खा अवयव काढून माणूस जगेल कसा? लांगेनबुख यांच्याकडे दोन आधार होते. सतराव्या शतकात कुत्र्यांची पित्ताशयं काढून पाहिली गेली होती आणि कुत्री जगली होती. शिवाय कित्येक प्राण्यांना मुळात पित्ताशयच नसतं. घोड्याला नसतं, हत्तीला नसतं. घोडा आणि हरीण यांच्याबद्दल तर ॲरिस्टॉटलनेही नोंद करून ठेवली आहे. लांगेनबुख यांचा रुग्ण दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता असं सांगतात. काही आठवड्यांनी तो घरी गेला.

घोड्याचं का अडत नाही हे समजलं की पित्ताशयाचं काम समजतं. घोडा दिवसभर थोडं थोडं चरतो; त्याच्या आतड्यात पित्त थेंबथेंब येत राहिलं तरी चालतं. माणूस चार-सहा तास काही खात नाही आणि मग एकदम पुरणपोळीवर तूप ओततो. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं, तोही अखंड. पित्ताशयात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण त्यातलं पाणी शोषून पित्ताशय तो पाच ते दहा पट दाट करतं आणि जेवण आलं की पिळून सोडतं. आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात: माल बनवणारा एका गतीने बनवतो, वापरणारा झटक्याझटक्याने मागतो, मध्ये एक साठवण लागते. बफर काढला तर कारखाना बंद पडत नाही. माल यायची वेळ बदलते, एवढंच.

ती वेळ कशी ठरते हे विसाव्या शतकात कळलं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन शोधलं आणि आतडं रक्तातून संदेश पाठवतं हे सिद्ध झालं. १९२८ मध्ये अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी पित्ताशयाला आकुंचन पावायला लावणारा संप्रेरक शोधला. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये हार्पर आणि रेपर यांना स्वादुपिंडाला विकरं सोडायला लावणारा एक संप्रेरक सापडला, त्याला त्यांनी पॅनक्रिओझायमिन म्हटलं. १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मुट यांनी दोन्ही शुद्ध केले तेव्हा कळलं की ते दोन नाहीतच, एकच आहे. आतड्यात चरबी आली की एकच हाक दिली जाते. ती ऐकून पित्ताशय पिळलं जातं आणि स्वादुपिंड विकरं सोडतं.

पित्ताशय काढल्यावर ही हाक ऐकणारा एक जण कमी होतो. दुसरा जागेवर असतो आणि आपलं काम करत राहतो. बाटलीतली विकरं भरून काढायला निघालेली असतात ते न पडलेलं खिंडार.

बाटली कशी भरली

मग ही विकरं बाटलीत आली कुठून? ती आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतून, जेव्हा पचनाचे शोध ताजे होते, शहरी माणसाला अपचनाची तक्रार होती आणि कत्तलखान्यांत अवयवांचे ढीग फुकट पडत होते. डुकराचं जठर दिलं की पेप्सिन, डुकराचं स्वादुपिंड दिलं की पॅनक्रिॲटिन. बैलाचं पित्त तर युरोपच्या जुन्या औषधकोशांत पूर्वीपासून होतंच. कडू आणि यकृताशी नातं सांगणारं, म्हणून ते पोटाच्या तक्रारींवर देत. नव्या शास्त्राने शोधलेली विकरं आणि जुन्या वैद्यकातलं पित्त एका गोळीत बसले ते विज्ञानाने जोडले म्हणून नव्हे, तर दोघांवर ‘पाचक’ हीच चिठ्ठी होती म्हणून.

अडचण होती जठरातल्या आम्लाची. स्वादुपिंडाची विकरं आतड्यात काम करायला बनलेली असतात. जठरातून जाताना आम्ल त्यांचा, विशेषतः लायपेजचा, नाश करतं. १८८४ मध्ये हांबुर्गच्या पॉल उना यांनी केराटिनचा लेप दिलेल्या गोळ्या सुचवल्या, ज्या जठरात टिकून आतड्यात विरघळतील. आजच्या कॅप्सूलमधल्या लेप दिलेल्या बारीक दाण्यांचं हे पूर्वरूप. असा लेप नसलेली पॅनक्रिॲटिनची गोळी गिळली तर तिच्यातलं बरंचसं लायपेज वाटेतच संपतं.

बुरशीची कथा जपानची आहे. जोकिची ताकामिने हा १८५४ साली जन्मलेला रसायनतज्ज्ञ. तांदळाची दारू आणि सोया सॉस बनवताना जपानी लोक ‘कोजी’ नावाची बुरशी शेकडो वर्षं वापरत आले आहेत. ती पिष्टाची साखर करते. ताकामिने ती घेऊन अमेरिकेत गेला, व्हिस्की बनवताना माल्टऐवजी कोजी वापरावी म्हणून. तो बेत तडीस गेला नाही. पण गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवून त्यातून डायस्टेज काढण्याचं पेटंट त्याने १८९४ मध्ये मिळवलं आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ या नावाने बाजारात आणलं. सूक्ष्मजीवांपासून काढून विकलेलं हे पहिलंवहिलं विकर म्हणता येईल. जपानमध्ये ते इतकं घराघरांत पोचलं की नात्सुमे सोसेकीच्या ‘मी एक मांजर आहे’ या १९०५-०६ च्या कादंबरीतले अपचनाने त्रस्त मास्तरसुद्धा टाका-डायस्टेज घेतात. सोसेकीला स्वतःलाही पोटाचं दुखणं होतं. १९१६ साली जठरातल्या अल्सरनेच तो गेला. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात जेवणानंतर दोन चमचे म्हणून जे बडीशेपेच्या किंवा वेलदोड्याच्या वासाचं सिरप मिळतं, त्याच्या लेबलावर ‘फंगल डायस्टेज’ असेल तर ते याच घराण्यातलं.

पपेन तर आपल्या स्वयंपाकघरातलंच. मटण शिजत नसेल तर कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, तेच हे. १८७९ मध्ये वुर्त्झ आणि बुशू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पपईच्या चिकातला हा पदार्थ वेगळा करून त्याला नाव दिलं. पण मटण मऊ करणारा पदार्थ पोटातलं जेवणही मऊ करील, ही उडी तर्काची आहे. जेवणातली प्रथिनं फोडायला पेप्सिन आणि स्वादुपिंडाची विकरं पोटात आधीच असतात, गरजेपेक्षा बरीच जास्त.

एकच पावडर, दोन कायदे

विकरांची गोळी थोतांड आहे असं मात्र नाही. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर डोरोथी अँडरसन यांनी लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचं वर्णन केलं. त्याला आज सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. यात बहुतेक मुलांचं स्वादुपिंड चिकट स्रावाने बंद पडतं आणि पोटभर खाऊनही मूल वाळत जातं. अशा मुलांना जेवणागणिक पॅनक्रिॲटिन मिळणं म्हणजे अंगावर मांस धरणं. स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन ते निकामी झालेले रुग्ण, स्वादुपिंड काढलेले रुग्ण, यांचंही तसंच. शरीराकडे राखीव साठा भरपूर असतो: लायपेजचं उत्पादन नेहमीच्या सुमारे दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत चरबीचं पचन निभावून जातं. पण त्याखाली गेलं की शौच तेलकट, तरंगणारं आणि दुर्गंधीचं होतं, वजन घटतं, आणि मग गोळीला पर्याय नाही. मोठ्या माणसाला अशा वेळी मुख्य जेवणासोबत साधारण २५,००० ते ५०,००० युनिट लायपेज लागतं.

अमेरिकेतल्या कायद्याने या एकाच पावडरीला दोन जन्म दिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एफडीएने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘पाचक’ औषधांचा आढावा संपवला. बैलाचं पित्त, पॅनक्रिॲटिन, पेप्सिन, पपेन हे सगळे घटक अपचनावर गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून ते त्या दाव्यानिशी औषध म्हणून विकता येणार नाहीत, असं ठरलं. लगेच १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने आहारपूरकांचा कायदा केला. त्याखाली आजार बरा करण्याचा दावा न करता, फक्त ‘आरोग्याला आधार’ अशी भाषा वापरून गोळी विकली, तर ती गुण देते हे विक्रीआधी सिद्ध करावं लागत नाही. पुढच्या दाराने बाहेर गेलेले घटक बाजूच्या दाराने त्याच दुकानात आले.

त्याच वेळी खऱ्या रुग्णांच्या औषधाबाबत एफडीए उलट दिशेने गेली. कंपनीगणिक, अगदी बॅचगणिक लायपेजची ताकद बदलते, हे लक्षात आल्यावर २००४ मध्ये तिने जाहीर केलं की स्वादुपिंडाच्या विकरांच्या प्रत्येक औषधाला रीतसर मंजुरी घ्यावी लागेल. त्यानुसार २००९ मध्ये क्रिऑनला मंजुरी मिळाली. म्हणजे आज डुकराच्या त्याच अवयवाची भुकटी एका डबीत युनिट मोजून, चाचण्या करून येते आणि दुसऱ्या डबीत ‘पित्ताशयाला आधार’ म्हणून.

आपल्याकडेही प्रश्न पोचला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत एक मिश्रण असं होतं की त्यात अमायलेज, प्रोटिएज, लायपेज, लॅक्टेज, ब्रोमेलेन, पपेन अशी डझनाहून जास्त विकरं एकत्र कोंबली होती.

गोळीची खरी किंमत

आता पित्ताशयाच्या माणसाकडे येऊ. ही माणसं तीन प्रकारची असतात.

पहिली, ज्यांचं पित्ताशय काढलेलं आहे. त्यांचं यकृत पित्त बनवतं, स्वादुपिंड विकरं बनवतं. बहुतेकांचं आतडं काही आठवड्यांत नव्या वेळापत्रकाला सरावतं. काहींना मात्र जुलाबांचा त्रास राहतो. त्याचं एक मुख्य कारण पित्त कमी पडणं हे नसून पित्ताचे क्षार मोठ्या आतड्यापर्यंत जास्त प्रमाणात पोचणं हे आहे. म्हणून डॉक्टर अशा वेळी देतात ते कोलेस्टिरामिनसारखं औषध पित्ताचे क्षार बांधून ठेवतं. अशा माणसाने बैलाचं पित्त घेणं म्हणजे गळक्या छपरावर आणखी पाणी ओतणं.

दुसरी, ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत पण त्रास काहीच नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसले. यांच्यातल्या बहुसंख्यांना आयुष्यभर काही होत नाही आणि सहसा शस्त्रक्रियेचा सल्लाही दिला जात नाही. गोळी सगळ्यात जास्त ‘लागू पडते’ ती यांना.

तिसरी, ज्यांना कळा येतात. विकरांनी खडा विरघळत नाही. खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे असतात आणि कोलेस्टेरॉल फोडणारं काही त्या बाटलीत नाही. खडा विरघळवणारी गोळी आहे, पण ती वेगळी. १९२७ मध्ये जपानच्या ओकायामात शोदा यांनी अस्वलाच्या पित्तातून अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल वेगळं केलं. ‘अर्सस’ म्हणजे अस्वल. आज ते कारखान्यात बनतं. पण तेही लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्‌महिने घेतल्यावरच चालतं, आणि औषध थांबल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या जणांना पुन्हा खडे होतात. लांगेनबुख यांचं म्हणणं अजून खोडलं गेलेलं नाही.

कळांचा स्वभावच फसवा आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, काही तासांत आपोआप जाते, मग महिनोन्‌महिने काही नाही. मधल्या काळात जे काही घेतलं त्याला गुण आल्यासारखं वाटतं. अधूनमधून दिसणारा बग मशीन पुन्हा चालू केल्यावर गेला, म्हणून दुरुस्त झाला असं कोणी धरून चालत नाही. पण शरीराच्या बाबतीत आपण सगळेच तसं धरून चालतो, आणि त्यात शस्त्रक्रियेची भीती भर घालते.

ती भीती एके काळी रास्त होती: पोटावर मोठी चीर, कित्येक दिवस रुग्णालय, त्यानंतर कित्येक आठवडे घरी. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने पहिलं पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या शल्यचिकित्सकांनी त्यांची थट्टा केली. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी तेच केलं आणि तंत्र जगभर पसरलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ते भारतात आणलं. विकसनशील देशांतलं ते पहिलं मानलं जातं. म्यूहेंच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत ते सरकारी रुग्णालयातल्या माणसापर्यंत पोचलं होतं. आज बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी येतात.

भीती टिकून राहिली आणि गोळीने तिला बसायला जागा दिली. यातला धोका १९०१ सालीच दिसला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये युजीन ओपी यांनी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने मेलेल्या रुग्णाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे एकत्र उघडतात त्या तोंडाशी एक लहानसा खडा अडकलेला सापडला. बेर्नारच्या सशात ही दोन दारं फूटभर अंतरावर असतात. माणसात ती एकाच ठिकाणी आहेत. पित्ताशयातून सुटलेला खडा तिथे अडकला तर स्वादुपिंडाची विकरं उलट स्वादुपिंडावरच चालू लागतात. असा तीव्र दाह जीवघेणा ठरू शकतो. त्यातून वाचलेल्या माणसाचं स्वादुपिंड कधी कधी इतकं खराब होतं की त्याला पुढे खरोखरच आयुष्यभर विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात.

पित्ताचे खडे आणि विकरांची गोळी यांच्यात खरं नातं आहे ते हे एवढंच. कळा येत असताना गोळीच्या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिलं, तर ज्या आजारासाठी ती गोळी मुळात बनली तो आजार व्हायची शक्यता वाढते. म्हणून बाटली कोणाकडून आली, महाग किती, शाकाहारी की नाही, हे प्रश्न नंतरचे. कळ आली होती का, ताप होता का, डोळे पिवळे झाले का, लघवी गडद झाली का, दुखणं पाठीत जातं का, हे आधी विचारायचं. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर लेबल वाचत बसण्याऐवजी डॉक्टर गाठायचा.